वायरीखालचं भात

नवरात्र सरत आलं की रत्नागिरीची हवा दोन तोंडांनी बोलायला लागते. सकाळी घरात गारवा, दुपारी डोकं भणभणेल असं ऊन, आणि चारच्या सुमाराला पूर्वेकडून काळं आभाळ चालून येतं. गडगडाट, विजा, अर्धा तास धो धो पाऊस आणि लगेच पुन्हा लख्ख ऊन. लोक याला परतीचा पाऊस म्हणतात. परतणाऱ्याने असं भांडी आपटत का जावं, हे मला साठी उलटली तरी समजलेलं नाही. भात कापायला आलेलं असतं आणि हा नेमका तेव्हाच येतो. मला तो आवडत नाही.

मागच्या महिन्यात पावस गावाच्या पुढे एका जुन्या विद्यार्थिनीकडे जायचं होतं. एस.टी.त खिडकीची जागा मिळाली. गाडी पूर्णगडच्या रस्त्याला लागली आणि कापलेल्या भाताचा तो ओलसर, गोड वास आत आला. वरच्या कातळमाळाचं, सड्यावरचं गवत पिवळं पडलेलं, खालच्या मळ्यांत बायका वाकलेल्या, विळे चालू होते. शेजारची कॉलेजातली मुलगी मोबाइलवर आईला आपण कुठे पोहोचलो ते सांगत होती. एकेक वळण सांगत होती. आईलाही ते ऐकायचं होतं असं दिसलं, कारण फोन काही बंद होईना. मी खिडकीबाहेर बघायचं सोडून मांडीवरच्या पिशवीकडे बघत बसले. कापणीच्या दिवसांत मी शक्यतो शेताकडे बघत नाही.

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि शनिवारी दुपारी लोकांच्या तक्रारी लिहून दिल्या. पहिलं पोटासाठी, दुसरं हौसेखातर. आमच्या वाचनालयाच्या मागे एक खोली होती. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या, कार्बन पेपरचा डबा आणि भिंतीवर मीच रंगवलेली पाटी: ‘ग्राहक तक्रार मार्गदर्शन’. आधी लोक मिक्सर घेऊन यायचे, फाटक्या छत्र्या घेऊन यायचे, एक गृहस्थ तर न उगवलेलं काकडीचं बियाणं पुडीत बांधून घेऊन आले होते. अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवच्या सुमाराला टेलिफोनच्या तक्रारी वाढल्या. फोन गावागावांत पोहोचले होते आणि पोहोचले म्हणून बंदही पडत होते. मला या तक्रारी आवडायच्या. मिक्सर बिघडला तर एका घरातली चटणी अडते. फोन बिघडला तर अख्खी वाडी अडते, आणि अडलेल्या वाडीसाठी भांडायला मला फार बळ यायचं.

माझं एक ठाम मत होतं, ते मी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. तोंडी सांगू नका, कागदावर द्या. कागदाची पोच घ्या. पोच जपून ठेवा. आपल्याकडे माणसं लाइनमनला रस्त्यात गाठून ‘जरा बघा हो आमच्याकडे’ म्हणतात, जाताना त्याच्या पिशवीत चार आंबे नाहीतर आमसुलं घालतात, आणि त्याने काम केलं की उपकार मानतात. मला याचा संताप यायचा. हक्काच्या गोष्टीचे उपकार कसले? माझ्या शाळेतल्या मैत्रिणी म्हणायच्या, हिला देवानेही नवस फेडल्याची पावती द्यायला हवी. मी हसायचे, पण मनातून मला ते कौतुकच वाटायचं.

शेवंताबाई माझ्याकडे आल्या त्या गणपतीनंतरच्या एका शनिवारी. पूर्णगडच्या वाटेवर, मुख्य रस्त्यापासून आत एक छोटी वाडी आहे, तिथल्या. पन्नाशीच्या आतबाहेर वय, कपाळ मोकळं, पायांत चप्पल नाही, डोक्यावर इरलं नाही, भिजलेल्याच आल्या. खुर्चीवर बसायला तयार होईनात. मी दोनदा सांगितल्यावर खुर्चीच्या कडेला टेकल्या.

त्यांच्या वाडीत एकच फोन होता, दत्ताशेटच्या दुकानात. दुकान म्हणजे घराच्या पडवीत मांडलेल्या चार फळ्या. फोन एका लाकडी पेटीत असायचा, पेटीला कडी. मुंबईला गेलेल्या वाडीतल्या सगळ्या पोरांनी हाच नंबर खिशात ठेवलेला. दर रविवारी सकाळी दहापासून त्यांचे फोन यायचे. बायका आधीपासून पडवीत येऊन बसायच्या, कोणी तांदूळ निवडत, कोणी नुसतीच. फोन वाजला की दत्ताशेट ‘कोन रे तू?’ विचारायचे आणि ज्याची आई हजर नसेल तिच्यासाठी अंगणाच्या टोकाला जाऊन हाळी द्यायचे. ती हाळी पुढच्या घरातला माणूस उचलायचा, त्याच्याकडून पुढचा, आणि पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडची बाई धापा टाकत येईपर्यंत मुंबईतलं पोर रिसीव्हर धरून उभं राहायचं. बूथवरच्या मीटरचे आकडे पळताना बघत उभं राहायचं. सगळ्यांसमोर बोलावं लागे, त्यामुळे कोणी फार बोलत नसे. बरा हायस ना? जेवतोस ना? पाऊस हाय का? एवढ्यावर आठवडा निघायचा.

गणपतीच्या चौथ्या दिवशी मोठा वारा झाला आणि ऐनाचं एक झाड वायरीवर पडलं. दोन खांब वाकले, वायर तुटून शेवंताबाईंच्याच शेतात आडवी झाली. त्या दिवसापासून दत्ताशेटच्या पेटीतला फोन मुका होता. दोन रविवार गेले होते. बाकीच्या बायका कुरकुरत होत्या, पण थांबायला तयार होत्या. शेवंताबाईंना थांबता येत नव्हतं.

मी कारण विचारलं. लुगड्याचा पदर पिळत त्यांनी हळूहळू सांगितलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता मुलगा संतोष, मुंबईला एका छापखान्यात कामाला. त्या वर्षी त्याला गणपतीला सुट्टी मिळाली नाही. गणपतीच्या आदल्या रविवारी त्याने फोनवर तसं सांगितलं. घरात मूर्ती आलेली, गावातली सगळी पोरं येऊन पोहोचलेली, आणि हिचाच तेवढा येणार नाही. शेवंताबाई सगळ्या बायकांसमोर कडाडल्या. नाय येत ना, मग फोन पन करू नको. क्येलास तरी मी उचलनार नाय, असं म्हणून त्यांनी रिसीव्हर आपटला. पेटीची कडीसुद्धा स्वतःच लावली.

“मी तसा बोलाया नको व्हता,” त्या म्हणाल्या. “त्येला सांगायचा हाय, माजा राग ग्येला म्हनून. तेवडाच सांगायचा हाय, बाई.”

मी त्यांना पत्र लिहून देऊ केलं. माझ्या टेबलाच्या खणात कार्डं असायचीच. त्या नाही म्हणाल्या. अक्षर तुमचं असणार, त्याला वाटेल बाईंनी समजूत घातली म्हणून आईने लिहिलं. तोंडाने तोडलं ते तोंडानेच जोडायला हवं. मला तेव्हा त्यांच्या या म्हणण्याचं इतकं कौतुक वाटलं की मी आग्रह केला नाही. पुढे कितीतरी वेळा मनात आलं, त्या दिवशी मी हट्टाने त्यांचा हात धरून एक कार्ड लिहायला हवं होतं. ‘राग गेला. आई.’ एवढं तरी. पण माझं लक्ष कार्डाकडे नव्हतंच. माझ्यासमोर एक उत्तम तक्रार येऊन बसली होती.

पहिली अडचण अशी की शेवंताबाई ग्राहकच नव्हत्या. फोन दत्ताशेटच्या नावावर. ज्याच्या नावावर फोन तो ग्राहक. जिचा जीव त्या फोनमध्ये अडकलेला तिला कायद्याच्या पुस्तकात जागा नाही. मी त्यांच्याबरोबर वाडीत गेले. दत्ताशेट सही द्यायला कचरत होते. लाइनमन यशवंत शेजारच्या गावचा, कधीही अडीनडीला येणारा. आपल्या माणसाविरुद्ध लेखी कसं द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. त्याला नुसता निरोप धाडू, नारळ देऊ, तो करील. मी त्यांना अर्धा तास हक्क आणि कर्तव्यं समजावली. शाळेत शिकवायचे तशीच. शेवटी त्यांनी सही केली, पण ती मला कंटाळून केली हे मला दिसत होतं. त्यांच्या अर्जाला मी शेवंताबाईंचा आणि आणखी सात बायकांचा अर्ज जोडला.

टेलिफोनच्या ऑफिसचं उत्तर यायला दोन आठवडे लागले. सुंदर टाइप केलेलं उत्तर होतं. सदर दूरध्वनीमधील बिघाड तक्रार मिळताच दूर करण्यात आला असून नोंदवहीत तशी नोंद आहे. मी ते दोनदा वाचलं आणि मला अक्षरशः आनंद झाला. खोटं कागदावर सापडलं होतं. इकडे वायर शेतात पडलेली आणि तिकडे वहीत लाइन चालू! असली संधी शंभरात एकदा मिळते. मी त्याच दिवशी जिल्हा ग्राहक मंचात प्रकरण दाखल केलं, जागेची पाहणी करून पंचनामा व्हावा असं मागितलं आणि शेवंताबाईंना बजावून सांगितलं की पंचनामा होईपर्यंत त्या वायरीला कोणी हात लावायचा नाही. आहे तशी राहू द्या. तोच आपला पुरावा.

“कुनी आला जोडाया तरी?” त्यांनी विचारलं.

“कुणीही आला तरी,” मी म्हटलं.

हे तीन शब्द मी म्हटले. ते सुचवणारं कोणी नव्हतं, दुसरा कोणी जबाबदार नाही. पुढे सगळ्यांनी मला समजावलं की असं मनाला लावून घेऊ नये, कायद्याच्या दृष्टीने मी बरोबरच होते. होतेच. मी अजूनही ते नाकारत नाही.

पंचनाम्याची तारीख बुधवारची पडली. त्याच्या आधीच्या शुक्रवारी यशवंत लाइनमन सायकलवर शिडी बांधून वाडीत आला. त्याला कोणी पाठवलं नव्हतं. वायरचं एक भेंडोळं दुसऱ्या कामावरून उरलं होतं, ते घेऊन तो आपण होऊन आला होता. लेखी तक्रारीचं त्याला कळलेलं होतं, दुखावलेलाही असावा, पण तरी आला. शेवंताबाई शेतात होत्या. त्या धावत आल्या आणि वायरीपुढे हात पसरून उभ्या राहिल्या. बाईंनी सांगितलंय, हात लावायचा नाही. यशवंत म्हणाला, काकी, दोन तासाचं काम आहे, दुपारी फोन वाजेल. त्या हटल्या नाहीत. तो शिडी परत सायकलला बांधून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शेवंताबाई मुद्दाम रत्नागिरीला आल्या आणि मला हे सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा फुललेला होता. बाईंचं ऐकलं, पुरावा राखला. मी त्यांना शाबासकी दिली. चहा मागवला. शेजारच्या टेबलावर पेपर वाचणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, असे ग्राहक जागे झाले पाहिजेत. हे सगळं मला आठवतं. कपाला चीर गेलेली होती, तेही आठवतं.

त्या बुधवारी पंचनामा झाला नाही. पाहणीला येणाऱ्या मंचाच्या साहेबांना दुसरं काम निघालं आणि तारीख पुढच्या बुधवारवर गेली. त्या दिवशी मी शाळेतून रजा काढून वाडीत गेले. तोवर कापणी उरकली होती. चढावरून खाली उतरले आणि शेवंताबाईंचं शेत दिसलं. सगळं शेत कापून मोकळं झालेलं, भारे झोडायला नेलेले, आणि मधोमध एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत हातभर रुंदीचा भाताचा पट्टा तसाच उभा होता. वायरीखालचं भात. वायरीला विळा लागू नये म्हणून त्यांनी तेवढं कापलंच नव्हतं. पिकून जास्त झालेलं, लोंब्या वाकलेल्या, दाणे गळून चिखलात पडलेले, चिमण्यांचा थवा त्यावर बसलेला. एका माणसाचे आठ-दहा दिवसांचे तांदूळ तरी असतील.

मला काय वाटलं ते खरं सांगते. अभिमान वाटला. मी कॅमेरा मागून आणला होता, त्या पट्ट्याचे फोटो काढले. शेवंताबाई बाजूला उभ्या होत्या, मी त्यांनाही फोटोत उभं केलं. साहेबांनी पंचनामा लिहिला, वायर मोजली, खांब मोजले, पंचांनी सह्या केल्या. यशवंत लांब उभा राहून तंबाखू मळत होता. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

गुरुवारी सकाळी यशवंतने लाइन जोडली. त्याला खरोखरच दोन तास लागले. दत्ताशेटनी फोन उचलून कानाला लावला, आतली घरघर ऐकली आणि पडवीत जमलेल्या सगळ्यांना एकेकाला ती ऐकवली. कोणीतरी गूळ वाटला. रविवार यायला अजून तीन दिवस होते, पण शेवंताबाई काही तिथून हलेनात. दुपारभर पायरीवर बसून राहिल्या. मग गोठ्याकडे जाऊन येते म्हणून घरी गेल्या.

पाचच्या सुमाराला फोन वाजला. दत्ताशेटनी हाळी दिली, ती घराघरातून पुढे गेली, आणि शेवंताबाई पदर सावरत, बांधावरून पळत आल्या. दम लागलेला. पलीकडे कोण आहे हे न विचारता, न ऐकता, त्यांनी रिसीव्हर तोंडाशी धरला आणि इतके आठवडे मनात धरून ठेवलेलं वाक्य बोलून टाकलं.

“संतू, माजा राग ग्येला रे. कवाच ग्येला.”

पलीकडे संतोष नव्हता. त्याच्या खोलीत राहणारा विलास होता. त्या दिवशी सकाळी संतोष हॉस्पिटलात वारला होता.

कावीळ झाली होती. आधी लक्षात आली नाही, अंगावर काढली. मग एकदम वाढली. अठरा दिवसांत सगळं आटोपलं. यशवंत शिडी घेऊन आला तो शुक्रवार त्या अठरातला पाचवा. मी हा हिशेब कितीदा केला असेल याला गणती नाही. शाळेत मुलांना रेखांशावरून वेळ काढायला शिकवताना मध्येच मनात यायचं, पाचवा दिवस. तेव्हा तो उठत बसत होता. बोलत होता. बोलावलं असतं तर शेवंताबाई रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबईला पोहोचल्या असत्या, बारा दिवस उशाशी बसल्या असत्या. त्या गेल्याने तो वाचला असता असं मी म्हणत नाही. डॉक्टरांना जे जमलं नाही ते आईला जमलं असतं असं नाही. पण ती तिथे असती.

तार का केली नाही, असं मी विलासला पुढे विचारलं. विचारताना माझा आवाज चढला होता, कारण मला दोष द्यायला कोणीतरी हवं होतं. तो म्हणाला, संतोषनेच करू दिली नाही. आमच्याकडे तार येते ती एकाच बातमीची. तार आली म्हटलं की न वाचताच घरात रडारड सुरू होते. आय धसकूनच मरेल, असं तो म्हणायचा. फोनच करू, आज ना उद्या लागेल.

विलास मला भेटला तो प्रकरणाच्या कामासाठी. हो, प्रकरण चालूच होतं. दहावं-बारावं झाल्यावर मी शेवंताबाईंना विचारलं, पुढे न्यायचं का? त्या म्हणाल्या, तुम्ही सांगाल तसं. मी ‘न्यायचं’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तिथेच सोडलं असतं तर ते पोर, तो पट्टा, सगळंच फुकट गेलं असं झालं असतं. मला तेव्हा जिंकायची फारच गरज होती. शेवंताबाईंसाठी, असं मी स्वतःला सांगत होते.

विलास माझ्यासमोर बसून सांगत गेला आणि मी त्याचं शपथपत्र लिहीत गेले. संतोषने आजारी पडण्याआधी दर रविवारी बूथवरून फोन लावला होता. आजारी पडल्यावर पहिले दोन दिवस तो स्वतः चालत बूथपर्यंत गेला. मग विलास लावत राहिला, सकाळ-संध्याकाळ. प्रत्येक वेळी पलीकडे रिंग जात होती. व्यवस्थित, नेहमीसारखी. खांबापासून तुटलेली वायर शेतात पडलेली आणि मुंबईत त्याच्या कानात घंटी वाजत होती. टेलिफोनचं तसंच असतं. लाइन मेली हे इकडच्यांना कळतं, लावणाऱ्याला कळत नाही. त्याला वाटतं तिकडे वाजतोय आणि कोणी उचलत नाही.

“काय म्हणायचा तो?” मी लिहिता लिहिता विचारलं.

विलासने माझ्या मागच्या भिंतीवरच्या पाटीकडे बघत सांगितलं. “म्हनायचा, आय बसलेय तितंच. बोल्ली ना उचलनार नाय म्हनून. नाय उचलत.”

हे मी शपथपत्रात घातलं नाही. त्याऐवजी लिहिलं: ‘प्रत्येक वेळी रिंग जात होती, परंतु पलीकडून फोन उचलला गेला नाही.’ या एका वाक्यावर आम्ही प्रकरण जिंकलं. नोंदवहीतली लाइन चालू, मुंबईतून रिंग जातेय, आणि मधल्या शेतात वायर पडलेली आहे, याचे फोटो जोडलेले. निकालपत्रात आमच्या परिश्रमांची दखल घेतली गेली. पुढच्या वर्षी वाचनालयाने मला शाल आणि नारळ दिला. मी भाषणात ग्राहकाचे हक्क सांगितले. माहिती मिळण्याचा हक्क तेवढा एका वाक्यात उरकला.

कारण निकालाची नक्कल घ्यायला शेवंताबाई आल्या होत्या, तेव्हा त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता. मी त्यांना निकाल वाचून दाखवत होते. विलासच्या वाक्यापाशी आले आणि ते गाळून पुढे गेले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्या माझ्या बोटाकडे बघत असाव्यात. म्हणाल्या, आपल्याकडे फोन मेलेला असतो तेव्हा लावणाऱ्याला तिकडे काय ऐकू येतं? मी क्षणभरसुद्धा थांबले नाही. काहीच ऐकू येत नाही, म्हटलं. लगेच कळतं, लाइन बंद आहे म्हणून. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे त्याला ठाऊक होतं? मी म्हटलं, हो, ठाऊक होतं. वादळ झालं असणार, एवढं त्याला कळलं असणार. त्यांनी कागद घेतला, चार घड्या केल्या आणि पदराला बांधला. भरपाईचे जे काही पैसे मिळाले ते त्यांनी दत्ताशेटच्या पडवीला पत्रे घालायला देऊन टाकले.

यशवंत लाइनमन मला पुढे एकदा बाजारात भेटला. मी होऊन बोलले. त्याने माझ्या प्रकृतीची चौकशी केली आणि निघताना म्हणाला, बाई, त्या दिवशी काकींना बाजूला सारून मी जोडलं असतं तर त्या मला काय मारणार होत्या? माझंच चुकलं. मला वाटत होतं हा मला बोलेल. तो स्वतःलाच बोलत होता. एका लाइनीवर आम्ही इतकी माणसं चुकलो होतो, आणि नियमाने एकच चुकलं होतं, ती नोंदवही.

आता तो काळ गेला. पडवीतली पेटी गेली, बूथ गेले, सड्यावर मोबाइलचे टॉवर उभे राहिले. शनिवारचं टेबल मी सोडलं त्याला बरीच वर्षं झाली. नवीन मुलगी बसते ती हुशार आहे, कॉम्प्युटरवर तक्रार घेते. येतात त्या तक्रारीही वेगळ्या, न मागितलेली गाणी चालू झाल्याच्या, शिल्लक गायब झाल्याच्या. मी मधूनमधून जाऊन बसते. ‘आहे तसं राहू द्या, हात लावू नका,’ असं ती कोणाला सांगताना ऐकलं की उठून बाहेर वऱ्हांड्यात जाते.

शेवंताबाई वर्षातून एकदा तरी येतात. पेन्शनचा काही कागद असतो, नाहीतर नुसत्याच. नवीन तांदूळ आणतात. नाही म्हणायची माझी हिंमत होत नाही. त्यांच्या पुतण्याने यंदा त्यांना मोबाइल घेऊन दिला. कुठलं बटण दाबायचं ते त्यांनी पाठ केलंय. माझा घरचा नंबर त्याने त्यात घालून दिला, आणि त्या अधूनमधून फोन करायच्या, एकच वाक्य बोलायच्या, ठेवायच्या.

गेल्या सोमवारी त्या अचानक दारात उभ्या राहिल्या. घाबरलेल्या. मला बघितल्यावर पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, चार दिवस फोन लावतेय, तुम्ही उचलत नाही. मला वाटलं बाईंचं काही बरंवाईट झालं, म्हणून आले. मी हसले. म्हटलं, अहो, त्या गुरुवारच्या विजेने माझा फोन बंद पडलाय. तक्रार केलीय, बघू कधी येतात ते.

“वाजत व्हता पन,” त्या म्हणाल्या. “मी आयकला ना. चार दिस वाजत व्हता.”

 त्यांनी हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. मग आतल्या स्टुलावरच्या माझ्या फोनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला पाणी आणायच्या निमित्ताने आत जाता आलं असतं, पण मी गेले नाही.

“म्हंजे त्येच्या कानात बी वाजत व्हता,” त्या म्हणाल्या.

मी ‘हो’ म्हटलं.

“मी उचलला नाय, आसाच वाटला त्येला.”

मी पुन्हा ‘हो’ म्हटलं. या वेळी मला खोटं सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्या ज्या नजरेने बघत होत्या त्या नजरेपुढे बोलता आलं नसतं. मला वाटलं आता तरी त्या बोलतील. वायरीपुढे हात पसरून मला कोणी उभं केलं, ते विचारतील. दहा वर्षं मी त्या प्रश्नाची वाट बघत होते. त्या रडल्याही नाहीत. मोबाइल बंद केला, पदराच्या टोकात बांधला, गाठ दोनदा घट्ट केली.

“तवा तुमी खोटा बोल्लाव ता बरा क्येलाव, बाई,” त्या म्हणाल्या. “दहा वर्सं निजले तरी मी.”

मग गाडीची वेळ झाली म्हणून उठल्या. मी फाटकापर्यंत गेले. त्या गेल्या त्याला आठवडा झाला. माझी लाइन परवा सुरू झाली आहे, घरघर नीट ऐकू येते. आता त्यांना झोप लागते का, हे विचारायला मी अजून फोन केलेला नाही.